झेंडा बदलला, सातबारा कुणाचा?

येत्या 2 ऑगस्टला दादरा-नगर हवेलीत झेंडे लागतील, शाळेच्या पोरांना खाऊ वाटतील. सिल्वासा 1954 साली याच दिवशी पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. आपल्या पेठ-हरसूलकडच्या लेकी तिकडं नांदतात. वारली, कोकणा हद्दीच्या दोन्ही अंगांना तेच. दमणगंगा आपल्या दिंडोरीच्या डोंगरात उगवते आणि नगर हवेलीतून वाहत दमणला समुद्राला मिळते. म्हणून हा सण आपल्याला परका नाही. पण सणाआधी एक प्रश्न विचारू : झेंडा बदलला, तेव्हा जमीन कुणाची झाली?

ही गावं पोर्तुगीजांकडं गेली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचं नुकसान केलं. त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी 72 गावांचा वर्षाला 12,000 रुपयांचा महसूल लिहून दिला. 1783 साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. समुद्रावरच्या भांडणाचा दंड डोंगरातल्या माणसांनी भरला. वारल्याला कुणी विचारलं नाही.

पुढं 1947 ला इंग्रज गेले, पण हे तुकडे पोर्तुगीजांकडंच राहिले. चारी बाजूंनी भारत, मधे परकी सत्ता. समुद्र नसलेलं बेटच म्हणा. 1954 च्या जुलैत आधी दादरा, मग नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. गोव्याचे, पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक त्यात होते. लाल बावट्याखाली जमलेले वारलीही होते. त्यांची हिंमत कमी लेखायची नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेला. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला : माणसं आणि माल न्यायला वाट होती, पण फौज आणि हत्यारं न्यायचा हक्क नव्हता. खटला वाटेचा होता, जमीन कसणाऱ्याचा नव्हता. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, तिनेच विलीनीकरणाचा ठराव केला, आणि 11 ऑगस्ट 1961 ला हा मुलूख भारतात आला.

आणि जमीन? पोर्तुगीज सरकारने 'अल्वारा' नावाच्या कागदावर मोठमोठ्या जमिनी जमीनदारांना दिल्या होत्या. पोर्तुगीज गेला, पण त्याचा कागद राहिला. अल्वारा बंद करणारा कायदा 1971 साली आला, म्हणजे झेंडा बदलल्यावर 17 वर्षांनी. तोवर वारली राबत राहिला. मग आलं मधुबन धरण. दमणगंगेचं पाणी अडलं, आदिवासींची शेतं बुडाली आणि पाणी वापी-वलसाडकडं गेलं. आज तिथं विधानसभा नाही, दिल्लीने नेमलेला प्रशासक राज्य करतो.

तिकडं बोट दाखवून आपण मोकळे होणार नाही. आपलं सुरगाणा संस्थान 1948 साली विलीन झालं. सही राजाची चालली, रयतेला कुणी विचारलं? राजाचं जंगल होतं ते खात्याचं जंगल झालं. आपण होतो तिथंच राहिलो.

आता खरोखरच्या समुद्रातल्या बेटांकडं बघू. हिंदी महासागरात दिएगो गार्सिया नावाचं बेट आहे. तिथं आणि आसपासच्या बेटांवर दीड-दोन हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या मळ्यात राबत होती. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, 1965 साली, इंग्रजांनी ही बेटं तोडून स्वतःकडं ठेवली आणि अमेरिकेला लष्करी तळासाठी दिली. तळाला माणसं नको होती. मग साहेबांनी कागदावर लिहिलं की इथं कायमची वस्ती नाही, हे तर कंत्राटी मजूर आहेत. 1973 पर्यंत सगळ्यांना बोटीत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं. त्यांची कुत्रीसुद्धा मारली. आजही ती माणसं परत जायला मागतात.

साथींनो, ही रीत ओळखीची वाटते ना? आधी माणसाला कागदावर पुसायचं, मग जमिनीवरून. त्यांना म्हणाले 'कंत्राटी मजूर', आपल्याला म्हणतात 'अतिक्रमक'. आज्याने राब भाजला, बापाने नागली-वरई पेरली, एकसाली प्लॉटचा दंड आपण भरला. तरी गार्ड येऊन म्हणतो, तू इथला नाहीस. 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसलेली वनजमीन नावावर करू, असं सरकारने स्वतः ठरवलं होतं. 1995 साली त्यालाही 17 वर्षं होत आली होती. हा आकडा पुन्हा 17 च निघाला.

दुसरी गोष्ट पलाऊची. पॅसिफिक समुद्रातला हा मुलूख अमेरिकेच्या देखरेखीखाली होता. तेव्हा माणसं सगळी मिळून पंधरा-सोळा हजार होती. 1 ऑक्टोबर 1994 ला तो स्वतंत्र झाला आणि डिसेंबरात युनोचा सभासद झाला. त्यांच्या घटनेत लिहिलंय की जमीन पलाऊच्या माणसाच्याच मालकीची होईल, बाहेरच्याच्या नाही. अणुबाँब आमच्या मुलखात नको, असंही त्यांनी लिहिलं होतं. अमेरिकेला ते नको होतं. मग तोच करार 1983 पासून पुन्हा पुन्हा मतदानाला आणला. लोक पुरेशी मतं देईनात. शेवटी मतांची अटच खाली आणली आणि 1993 साली करार मंजूर करून घेतला. म्हणून त्यांचं स्वातंत्र्य पुरतं नाही, संरक्षण अजून अमेरिकेच्या हाती आहे. पण दहा वर्षं त्यांना विचारावं लागलं, आणि जमीन त्यांचीच राहिली.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. लहान आहोत म्हणून विचारायची गरज नाही, हे खोटं. आणि एकदा 'नाही' म्हटलं की काम झालं, हेही खोटं. तोच कागद घेऊन ते पुन्हा येतील. धरणाचा असेल, अभयारण्याचा असेल, रोपवनाचा असेल.

14 डिसेंबर 1960 ला युनोने ठराव केला की प्रत्येक लोकांना आपलं पुढचं ठरवायचा हक्क आहे. लोक शिकलेले नाहीत, तयार नाहीत, ही सबब चालणार नाही, हेही त्यात लिहिलंय. 'तुम्ही अडाणी, तुम्हाला काय कळतं' हे आपण रोज ऐकतो. त्याला हे उत्तर आहे.

काही जण आरोप करतील की यांना वेगळा देश पाहिजे. नाय. देश आपलाच आहे. आपण मागतो ते एवढंच : आमच्या गावाच्या जमिनीचं, जंगलाचं, पाण्याचं आमच्या गावसभेला विचारल्याशिवाय ठरवू नका. 1995 च्या जानेवारीत भुरिया समितीनेही आदिवासी भागात गावसभेला हक्क द्या, असा अहवाल सरकारला दिला. कायदा 1996 साली झाला. पण आपण बसून राहायचं नाही.

प्रत्येक पाड्याने 2 ऑगस्टला गावसभा भरवावी. कोण कुठं कसतो, किती वर्षं कसतो, हद्दीची खूण कोणती, हे एका वहीत लिहावं. दंडाच्या पावत्या त्याच वहीत चिकटवाव्या. पावती नसेल तर म्हाताऱ्या माणसांची साक्ष लिहून अंगठा घ्यावा. बाईच्या नावाची रेघ सोडू नये, कसते तीही. कोऱ्या कागदावर कुणी अंगठा देऊ नये. साहेब ठराव घेऊन आला तर म्हणावं : आधी वाचून दाखवा, मग गाव बसेल, मग सांगू.

दिएगो गार्सियाच्या लोकांबद्दल साहेबांनी लिहिलेला कागद पुढं चालला. आपल्याबद्दलचा कागद आपणच लिहू.

हा अंक वाचून झाला की पुढच्या पाड्याला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.