औषध कोणाच्या गाठीसाठी?

पित्तनलिकेचा कर्करोग जगात सर्वाधिक आढळतो तो ईशान्य थायलंडमधल्या ईसान या भातशेतीच्या प्रदेशात. तिथे तळ्यातली कच्ची मासळी बारीक चिरून, लिंबू-मिरची घालून ‘कोई प्ला’ करतात. तिच्यातून ‘ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी’ हा चपटा कृमी पोटात जातो आणि पित्तनलिकेत वर्षानुवर्षे ठाण मांडतो. लिंबाच्या रसाने तो मरत नाही. मासळी नीट शिजवली तर मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या कृमीचा समावेश कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केला.

पुढचे सारे संथपणे घडते. कृमी नलिकेच्या अस्तराला सतत इजा करतो. दाह धुमसत राहतो, पेशी झिजतात आणि पुन्हा भरून येतात. दाहातून तयार होणारी नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायने त्यांचा डीएनए बिघडवतात. नलिकेभोवती तंतूंचे कठीण आवरण चढते. गाठ व्हायला काही दशके लागतात. कावीळ दिसते तेव्हा बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते.

रेणुजीवशास्त्राने या रोगात अलीकडे मोठी मजल मारली, यात शंका नाही. यकृताच्या आतल्या नलिकांत होणाऱ्या गाठींपैकी साधारण १० ते १५ टक्के गाठींत एफजीएफआर२ हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले गेलेले असते. जवळपास तितक्याच गाठींत आयडीएच१ या जनुकात बदल असतो. पहिल्या दोषावरच्या पेमिगॅटिनिबला २०२० मध्ये आणि दुसऱ्यावरच्या आयव्होसिडेनिबला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण हे दोन्ही दोष मुख्यतः कृमीशी संबंध नसलेल्या गाठींत सापडतात. कृमीमुळे झालेल्या गाठींत टीपी५३ आणि एसएमएडी४ या जनुकांतले बिघाड अधिक दिसतात आणि त्यांवर थेट चालणारे औषध अजून हाती नाही. काहींत एचईआर२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. त्यावरच्या झॅनिडॅटामॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र गाठीची एचईआर२साठी तपासणी झाल्याशिवाय कोणत्या रुग्णाला ते द्यावे, हे कळणार कसे?

म्हणजे ज्या शेतकऱ्यांना हा रोग सर्वाधिक ग्रासतो, त्यांच्या वाट्याला नव्या औषधांतले फार थोडे आले आहे. त्यांना वाचवणारे उपाय मात्र जुने आणि स्वस्त आहेत. कृमीची अंडी विष्ठेतून पाण्यात आणि तिथून गोगलगायीत जातात; त्यांतून निघालेल्या अळ्या माशात आणि पुन्हा माणसात जातात. शौचालय, शिजवलेली मासळी आणि प्राझिक्वांटेल ही कृमिनाशक गोळी या तिन्हींनी ही साखळी तुटते. एकट्या गोळीने नाही, कारण कच्ची मासळी खाणे चालू राहिले की कृमी परत येतो. ईसानमधल्या खोन केन शहराजवळच्या लावा तळ्याकाठी विद्यापीठ, शाळा आणि गावचे आरोग्य स्वयंसेवक यांनी मिळून हे काम नेटाने केले. तिथे माणसांतला आणि माशांतलाही संसर्ग खूप घटला. २०१३ पासून खोन केन विद्यापीठाच्या पुढाकाराने सोनोग्राफीने गाठ लवकर शोधण्याची मोहीमही चालू आहे.

जनुकांच्या नकाशांसाठी जगाने पैसा उभा केला, तो योग्यच होता. आता तितक्याच सातत्याने पैसा लावा तळ्याकाठच्या गावांसारख्या गावांसाठीही उभा राहिला पाहिजे. या कर्करोगाचे कारण माहीत आहे आणि ते टाळता येते. तरीही माणसे मरू देणे अक्षम्य आहे.