मांजराचे पिल्लू चावते तेव्हा

पिल्लू खेळताना चावते ते रागाने नव्हे. किती जोराने चावावे हे ते आई-भावंडांत शिकते. म्हणून 2 महिन्यांआधी त्याला आईपासून तोडू नका. बोटे नाचवू नका, सुतळीला चिंधी बांधून खेळवा. नंतर सुतळी उचलून ठेवा, नाहीतर ते गिळते. चावले तर मारू नका, खेळ थांबवा.

मात्र दात किंवा नख लागून रक्त आले, तर हळद-चुना लावू नका. मांजरापासूनही रेबीज होतो आणि तो उठल्यावर उपाय उरत नाही. जखम साबणाने 15 मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने धार धरा. त्याच दिवशी घाटी दवाखान्यात जाऊन लस घ्या, सगळे डोस पूर्ण करा.

मार बसेल म्हणून मुले चावा लपवतात. त्यांना रागावू नका, प्रेमाने विचारा.