जनुकांचा निवाडा बंद दाराआड नको

रक्तातील साखरेचे दोन प्रयोगशाळांनी दोन निराळे आकडे दिले, तर आपण तिसरीकडे जातो आणि शंका फिटते. जनुकांच्या तपासणीचे तसे नाही. अमुक जनुकात बदल आहे, एवढेच यंत्र सांगते. तो बदल रोगाचा की निरुपद्रवी, हे माणसे ठरवतात. आणि माणसांत मतभेद व्हायचेच!

या मतभेदांची किंमत कोण मोजतो? हृदयाचे स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याला कारणीभूत म्हणून नोंदलेले काही जनुकबदल प्रत्यक्षात निरुपद्रवी असून कृष्णवर्णीय अमेरिकनांत बऱ्याच प्रमाणात आढळतात, असे हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. तोवर काही रुग्णांना धोक्याचा चुकीचा अहवाल मिळून गेला होता. मूळ अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक बहुधा टळली असती.

अशा चुका पकडायच्या तर निवाडा आणि पुरावा दोन्ही सर्वांसमोर हवेत. अमेरिकेत २०१३ साली 'क्लिनव्हार' ही खुली नोंदवही सुरू झाली, ती याच हेतूने. प्रयोगशाळा आपला निष्कर्ष तिथे नोंदवतात. दोघींचे पटत नसेल तर तेही जगाला दिसते. पुढे २०१५ साली तेथील तज्ज्ञांच्या संस्थांनी, प्रयोगशाळांची मते मागवून, समान निकष ठरवले. रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी, असे हे पाच वर्ग. 'अनिश्चित' हा वर्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याची सोय त्यात आहे.

माहिती हेच भांडवल असलेल्या कंपन्यांना हा खुलेपणा रुचत नाही. खासगीपणाचा आक्षेप मात्र रास्त आहे. जनुके एकट्याची नसतात, साऱ्या घराण्याची असतात. पण खुला करायचा तो निष्कर्षाचा पुरावा, रुग्णाचे नाव नव्हे.

आपला यात संबंध काय? परक्या समाजावरून बेतलेले निकष आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील, याची हमी नाही. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने देशातील सुमारे १० हजार लोकांच्या जनुकांची माहिती जमवली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती नियमांच्या चौकटीत संशोधकांना उपलब्ध करून दिली. पाया पडला आहे. आता आपल्या प्रयोगशाळांनीही आपले निवाडे खुल्या नोंदवहीत, चारचौघांच्या तपासणीसाठी ठेवले पाहिजेत, असे माझे मत आहे.

तोवर घरात असा अहवाल आलाच, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा बदल पाचांपैकी कोणत्या वर्गात बसतो? आणि तो कोणत्या पुराव्यावरून तिथे बसवला? घरातल्या लेकीसुनांनी शस्त्रक्रिया करून घ्यायची की निर्धास्त राहायचे, हे कधी कधी याच उत्तरांवर ठरते.