‘सुहैली’चे सुतार कुठे गेले?

सागरी इतिहासाच्या या धाग्यात आज थोडे भांडायचे आहे. भांडण रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याशी नाही; त्यांचा पराक्रम वादातीत आहे. भांडण आहे ते तो पराक्रम सांगण्याच्या रूढ पद्धतीशी.

कथा सर्वश्रुत आहे. १४ जून १९६८ रोजी हा तरुण इंग्रज खलाशी फाल्मथहून एकटा निघाला आणि कोणत्याही बंदरास न लागता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, ३१२ दिवसांनी परतला. ‘संडे टाइम्स’च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ९ जण उतरले होते, शर्यत पुरी करणारे ते एकटेच. आणि त्यांची ३२ फुटी नौका? तिच्यासाठी शेरा ठरलेला आहे : जुनाट, बोजड, संथ. जणू हा विजय नौकेमुळे नव्हे, तर नौका असूनही मिळाला!

ही नौका, ‘सुहैली’, मुंबईत बांधली गेली. सागवानी लाकूड, हाती वाकस, आणि भोके पाडायला दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. याच मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आता त्या शर्यतीतील वेगवान नौकांकडे पाहू. नायजेल टेटली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या तीन सांगाड्यांच्या, प्लायवुडच्या नौका त्या काळी वेगाची नवी दिशा मानल्या जात. क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळत खोटी स्थाने कळवीत राहिले. ते पाठीशी आले आहेत या समजुतीने टेटलींनी खिळखिळी झालेली नौका ताणली, आणि मे १९६९ मध्ये, घर जवळ आले असताना, ती फुटून बुडाली. क्रोहर्स्ट यांची नौका जुलैमध्ये रिकामी सापडली. ‘सुहैली’ची सरासरी होती अवघी ४ नॉट; पण ती घरी आली.

हेही लपवू नये : ‘सुहैली’ निर्दोष नव्हती. अटलांटिकमध्येच तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुड्या मारून फटींत कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. (मध्येच घिरट्या घालणाऱ्या शार्कला गोळी घालावी लागली, ते वेगळेच.) दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी केली, केबिन सांध्यापासून हलली. तरीही सांगाडा टिकला. समुद्रावर, एकट्या माणसाला, हाताने दुरुस्त करता येईल अशी ती बांधणी होती. आजच्या कार्बन-फायबरच्या नौकांनी व्हेंदे ग्लोब शर्यतीतील हीच प्रदक्षिणा ६५ दिवसांच्या आत आणली आहे. त्यांचा वेग थक्क करणारा आहे, पण भर समुद्रात कापूस आणि खिळ्यांनी त्यांचे भागणार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : आराखडा परदेशी, पैसा आणि नाविक इंग्रज, सुतारांनी केवळ मजुरी केली. मग आराखडा कागदावर राहू द्यायचा होता! ज्या तर्काने आपण वाडियांना जहाजबांधणीचे श्रेय देतो, त्याच तर्काने ‘सुहैली’चे श्रेय नाकारता येत नाही. फरक इतकाच की वाडियांपाशी घराण्याचे नाव होते. इथे प्रचलित कथनांत ‘भारतीय कारागीर’ या दोन शब्दांवर बोळवण होते.

आणि ‘आपल्याच नौकेने जग जिंकले’ अशी छाती फुगवणाऱ्यांनीही जपून. ज्यांची नावेही आपल्याला सांगता येत नाहीत, त्यांच्या कष्टावर कसला अभिमान?

याच्या उलट उदाहरण जवळच आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने प्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि दोंद्यांच्या मोहिमेच्या कथेत बांधणाराही ठळकपणे येतो. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोबसाठी अभिलाष टॉमी यांची ‘तुरिया’, म्हणजे ‘सुहैली’चीच प्रतिकृती, तीही गोव्यातलीच.

कुलाबा, माझगावच्या गोद्यांत त्या काळी काम केलेल्या सुतारांची कुटुंबे कुणाच्या ओळखीत असतील, कुणाकडे हजेरीपट किंवा छायाचित्रे असतील, तर याखाली जरूर लिहा.