दम्मामचा सूर, आचऱ्याची वीज

पिरावाडीतल्या आमच्या मामूंच्या माळ्यावर एक रेकॉर्ड प्लेअर चाळीस वर्षे पडून होता. दम्मामला नोकरीत असताना त्यांनी तो घेतला होता. सोबत तिलावतीच्या चार रेकॉर्डी होत्या, इजिप्तचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातल्या. या कारीसाहेबांच्या आवाजात संपूर्ण कुरआन 1961 साली रेकॉर्डवर आला, त्यातल्याच या. गावी आल्यावर मामूंनी हौसेने एक लावली. आवाज जाड, ओढल्यासारखा आला. “अल्लाहचा कलाम असा ऐकवत नाही,” म्हणून त्यांनी झाकण लावले, ते लावलेच. प्रवासात यंत्राला धक्का बसला असेल, असे घरात सगळे धरून चालले.

यंत्र धडधाकट होते. तिथल्या आणि इथल्या विजेत तेव्हा दोन फरक होते. एक दाबाचा: आपल्याकडे 230 व्होल्ट, तिथे तेव्हा घरोघरी त्याच्या निम्म्याच्या आसपास असायचा. त्यासाठी मामूंनी 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर आणला होता. पण वीज सेकंदाला किती हेलकावे घेते, हे ट्रान्सफॉर्मर बदलू शकत नाही. सौदीत ते 60, आपल्याकडे 50. असल्या प्लेअरची मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. म्हणजे मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फिरायची रेकॉर्ड इथे पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरणार. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालणार. पेटीवर बोट ठेवणाऱ्याला सांगायचे तर, सा खालच्या धैवतावर जाऊन बसतो. मद्दचे प्रमाण बिघडत नाही, कारण सगळेच सारखे लांबते. पण आवाज कारीसाहेबांचा राहत नाही. मामूंच्या कानाने बरोबर पकडले होते, कारण तेवढे कळले नव्हते.

आम्ही भाषा शिकवणारे. हे आम्हाला कळले ते मालवणच्या पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या आमच्या पुतण्यामुळे. त्याआधी आम्ही एक फजिती करून घेतली. प्लेअरसोबत रेघांची एक कागदी चकती होती. ती थाळीवर ठेवायची, ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायची, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आम्ही ठेवली, तर रेघा जागच्या हलेनात! मामूंना सांगून बसलो, वेग बरोबर आहे, रेकॉर्डच खराब. ते काहीच बोलले नाहीत. पुतण्याने रेघा मोजल्या. 216. ती चकती 60 च्या विजेची होती. 50 ला 180 रेघा लागतात. मोटर मंद, आपल्या ट्यूबची लुकलुकही त्याच प्रमाणात मंद, म्हणून खोटे खऱ्यासारखे दिसले.

उपाय दोन. पहिला, मोटरवरची पुली सहा-पंचमांश जाड करणे. लेथवर एक करून घेतली, पण ती केसभर वाकडी बसली आणि लांबवलेला अलिफ थरथरू लागला. दुसरा उपाय पुतण्याचा: यंत्राला हात न लावता त्याच्यापुरती 60 ची वीज घरी तयार करायची. आर्डुइनोचे लहानसे सर्किट लहर तयार करते, अ‍ॅम्प्लिफायर तिला बळ देतो, आणि 230 चे 12 करणारा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडायचा. बाराच्या बाजूला सहा व्होल्ट दिले की पलीकडे 115 च्या आसपास मिळतात. पहिल्या खेपेस त्याने चौकोनी लहर दिली. मोटर गुरगुरली आणि तापली. मग गोलसर लहर दिली तेव्हा शांत झाली. बटण दाबून आकडा दशांशाने कमी-जास्त करता येतो, आणि 81 वर नेला की पंचेचाळीसच्या रेकॉर्डीही वाजतात. (बाहेर निघणारे 115 व्होल्ट जीव घेऊ शकतात. डबा लोखंडी, अर्थिंग केलेला आणि मुलांच्या हाताबाहेर हवा. आमचा पहिला डबा प्लायवुडचा होता. पुतण्याला त्यावरून ओरडलो.)

घरच्या प्रिंटरवर 180 रेघांची चकती छापली. ट्यूबखाली ती थांबली तेव्हा आम्हीही श्वास सोडला. पण मामूंना बोलवायच्या आतच मिरग लागला आणि डबा बंद पडला. आचऱ्याची खारी हवा! डागांवर हिरवी बुरशी चढलेली, एक कपॅसिटर फुगलेला. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने सर्किट घासले, कपॅसिटर बदलला, डाग नव्याने दिले आणि वरून नेलपॉलिशचा हात फिरवला. नेलपॉलिश पुतणीची. तिने नवी बाटली वसूल केली. त्यानंतर अख्खा पावसाळा डबा चालू आहे, अल्हम्दुलिल्लाह.

एका जुम्म्याला असरनंतर मामूंना ओटीवर बसवले. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून स्पीकर जवळ ओढला. थाळी फिरू लागली, रेघा थांबल्या. पुतण्या सुई टेकवणार इतक्यात मामूंनी हात वर केला.

“थांब. वुजू करून येतो.”