गोष्टीच्या पुस्तकांवरचे आरोप

इंग्रजी सुधारण्यासाठी मुलांना गोष्टीची पुस्तके वाचू द्या, असे कुठल्याही पालकसभेत म्हणून पाहावे. पहिला प्रश्न येतो, ‘व्याकरणाचं काय?’ दुसरा येतो, ‘बोलता कसं येणार?’ तिसरा प्रश्न उघड कोणी विचारत नाही, पण मनात तोच असतो: ज्यात मुलाला मजा येते त्याला अभ्यास कसा म्हणायचा? कष्टाशिवाय विद्या नाही, हा आपला जुना संस्कार. त्यामुळे वहीत शब्दार्थ उतरवणारे पोर अभ्यास करत असते आणि पलंगावर लोळत इंग्रजी भुताची गोष्ट वाचणारे पोर वेळ घालवत असते. शाळेनेही असले वाचन ‘अवांतर’ म्हणून बाजूला काढून ठेवले आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मराठी मुलाला इंग्रजी येण्याचा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा रस्ता त्या पलंगावरून जातो, आणि वहीतला शब्दार्थांचा कारखानाच बऱ्याचदा अवांतर असतो.

आधी व्याकरणवाल्यांकडे वळू, कारण त्यांचा पक्ष सगळ्यात जुना आणि मानाचा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिन ही नावे घेतली की जुन्या मंडळींचे हात आपोआप जोडले जातात. त्या पुस्तकांबद्दल मलाही आदर आहे. पण यातल्या पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेनला बाहेरचे जग ओळखते ते कादंबरीकार म्हणून. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थाने १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरिन लीजनमधली साहसकथा लिहिली. ती तुफान खपली, तिच्यावर चित्रपट निघाले. आपण त्याचे व्याकरण घोकले आणि त्याच्यासारख्यांच्या कादंबऱ्या दप्तरात सापडल्या की पोरांच्या पाठीत धपाटे घातले!

नियमाने काय साधते आणि काय साधत नाही, हे ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांवर तपासून पाहावे. मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही. शाळेत नियम शिकवतात: नक्की कोण ते ठाऊक नसेल तर ‘अ’, ठाऊक असेल तर ‘द’. गाळलेल्या जागा मुले बिनचूक भरतात, आणि तीच मुले अर्ज लिहायला बसली की दोन्ही शब्द गायब होतात, नाहीतर नको तिथे ‘द’ येऊन बसतो. आता गोष्टीत काय घडते पाहा. पहिल्या ओळीत ‘अ किंग’ असतो, दुसऱ्या ओळीपासून तो ‘द किंग’ होतो. ‘अ विच’ एकदाच येते आणि मग मरेपर्यंत ‘द विच’ म्हणूनच वावरते. प्रत्येक गोष्टीत हेच होत राहिले की नियम सांगता न येणाऱ्या मुलालाही चुकीचा प्रयोग खटकायला लागतो. ‘माझ्यावर रागावला’वरून आपण ‘अँग्री ऑन मी’ करतो, ‘तिच्याशी लग्न केलं’वरून ‘मॅरिड विथ हर’. नियम ठाऊक असूनही या चुका होतात, कारण मराठी कानाला त्या चुका वाटतच नाहीत. कान बदलायला ढिगाने इंग्रजी लागते. तालुक्याच्या गावात एवढे इंग्रजी पुस्तकाशिवाय कुठे मिळणार?

हा माझा लाडका ग्रह आहे असे कोणी म्हणेल, म्हणून फिजी बेटांवरच्या एका प्रयोगाची हकीकत जरा सविस्तर सांगतो. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या दोघांनी तो केला आणि १९८३ साली त्याचे निष्कर्ष छापले. खेड्यातल्या आठ शाळा, चौथी-पाचवीची ३८० मुले. घरी कोणी फिजियन बोलणारे, कोणी तिथली हिंदी, इंग्रजी शाळेपुरतीच. शाळांत पुस्तके जवळजवळ नव्हतीच. तिथे मुलांसाठी गोष्टींची, चित्रांची २५० इंग्रजी पुस्तके आणून ठेवली. काही वर्गांत मुलांनी गुपचूप बसून आवडेल ते वाचायचे होते. काही वर्गांत शिक्षक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत, चित्रे दाखवत, पुढे काय होईल ते मुलांना विचारत, मग तीच गोष्ट पुन्हा वाचत. तुलनेसाठी २३४ मुले नेहमीच्या पद्धतीने शिकत राहिली, म्हणजे ठरावीक वाक्यरचना, त्यांचा सराव आणि वाचन जेमतेम. आठ महिन्यांनी परीक्षा घेतली तेव्हा गोष्टीवाल्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली दिसली. वीस महिन्यांनी अंतर आणखी वाढले होते आणि त्याचा फायदा भाषेच्या इतर अंगांतही उतरला होता.

‘फिजी म्हणजे जालना नव्हे’ हे उत्तर मला पाठ आहे. पण साम्य कशात नाही ते तरी सांगा! खेडे तेच, रिकामे कपाट तेच, घरात इंग्रजी नाही हेही तेच, आणि शिक्षकाची स्वतःची इंग्रजी कमावलेली, जन्माची नव्हे, हेसुद्धा तेच. उलट आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षे वाढवली, पुस्तके वाढवली नाहीत.

आपल्याच उपखंडात हे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखले होते. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्रमुख होता. बंगालमधल्या मुलांवर त्याने १९२६ साली पुस्तक लिहिले आणि त्यात विम्याच्या भाषेत एक हिशेब मांडला. बहुतेक मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. मग पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात काय पडते, म्हणजे तिची सरेंडर व्हॅल्यू किती, हे आधी बघा. अर्धवट व्याकरणाची किंमत शून्य. अर्धवट बोलणे वापराअभावी विरून जाते. पण सोपे इंग्रजी वाचता यायला लागले असेल तर ते मुलाजवळ राहते आणि शाळेबाहेर वाढतही राहते. म्हणून त्याने दुर्मीळ, जुनाट शब्द काढून नेहमीच्या शब्दांची वाचनमाला तयार केली. आठवीत शाळा सोडून दुकानात बसणाऱ्या मुलाचा विचार आज किती अभ्यासक्रम करतात?

आता स्पोकन इंग्लिशवाले. ‘वाचून काय होतं, बोलायला पाहिजे’ हे त्यांचे ब्रीद, आणि त्यात निम्मे सत्य आहे. नुसते डोळ्यांनी वाचणारा मुलगा ‘कर्नल’ हा शब्द आयुष्यभर ‘कोलोनेल’ वाचू शकतो. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबणाऱ्याचा घात ठरलेलाच. त्यावरचा उपाय फिजीतल्या दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत होता: कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. हल्ली मोबाइलवर तेही फुकट मिळते. पण तीन महिन्यांच्या क्लासात ‘हाऊ आर यू’च्या पुढे गाडी का जात नाही? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि नुसत्या बोलण्यातून शब्दांचा आड भरत नाही. हेज आणि अहरेन्स या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली मोजदाद केली होती. मुलांच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे सुमारे ३१ शब्द कमी प्रचारातले निघाले. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत सुमारे १७. म्हणजे पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकातला शब्दसाठा साहेबांच्या गप्पांपेक्षा श्रीमंत.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आपल्याकडे कोणी घेत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणारी मुले वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमात शिकली. त्यांना सगळे समजत असे, पण बोलताना-लिहिताना व्याकरण अडखळत राही. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली बजावले की नुसते समजून भागत नाही, भाषा स्वतः घडवूनही पाहावी लागते. हे मला मान्य आहे. वाचणाऱ्या मुलाने लिहावे, बोलावे, चुकावे, आणि चूक दाखवायला शिक्षक हवाच. मात्र घडवायला आधी कच्चा माल लागतो. आपल्या शाळांत मुले पत्रलेखन, निबंधलेखन, संवादलेखन करतात ती ‘अपेक्षित’मधून उतरवून. तिथे स्वेनबाईंचा मुद्दा लागू व्हायला अजून बराच अवकाश आहे.

वाचनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही कमी घोळ घातलेला नाही. पाचवीतल्या मुलाला डिकन्सची जाड कादंबरी भेट द्यायची, ती कपाटात धूळ खात पडली की ‘आमच्याला वाचनाची आवडच नाही’ म्हणायचे, हा आपल्या सुशिक्षित घरांतला ठरलेला प्रकार. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाने २००६ साली हिशेब मांडला: प्रौढांसाठीची मूळ कादंबरी विनासायास वाचायची तर तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) ठाऊक असावी लागतात. आपल्या दहावीच्या मुलाजवळ ती नसतात. त्याने काय करायचे? खाली उतरायचे, आणि न लाजता. पन्नास शब्दांत एकाहून जास्त अनोळखी शब्द नको, म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. सहावा-सातवा अडला की पुस्तक मिटवून त्याहून सोपे घ्यावे. अकरावीतल्या मुलाने ‘टिंकल’ वाचले म्हणून आभाळ कोसळत नाही. प्रथम बुक्सची मराठी-इंग्रजी पातळ पुस्तके आहेत, शब्दसंख्या बांधून पुन्हा लिहिलेल्या गोष्टी आहेत, मग रस्किन बाँड आहे, आर. के. नारायण आहेत. पाच अडलेल्या शब्दांसाठी प्रत्येक वेळी डिक्शनरी उघडायचीही गरज नाही. महत्त्वाचा शब्द पुन्हा भेटतोच. न भेटणाऱ्याचा अर्थ कळून तरी काय करायचे आहे?

आणि कृपा करून पुस्तकाची जात काढू नये. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जेम्स हॅडली चेस उचलून नेणाऱ्यांची एक अख्खी पिढी बँकांत, कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत उत्तम इंग्रजी लिहिती झाली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळ्या पहाडाने मराठी वाचकांचे मराठी बिघडवले, असे आज कोणी म्हणत नाही. चांगले काय ते वाचकाला कळते, पण भरपूर वाचल्यावर. मूल आधी वाचते तर व्हावे.

मराठीच्या कैवाऱ्यांना वाटते की इंग्रजी गोष्टींची गोडी लागली की मराठी गेली. अनुभव असा की ज्याने फास्टर फेणेचा फडशा पाडला तोच पुढे इंग्रजी रहस्यकथेवर तुटून पडतो. वाचण्याची सवय एकच असते. मराठीच्या मुळावर येते ती वेगळी गोष्ट: घरात एकही इंग्रजी पुस्तक नसताना इंग्रजी माध्यमाची फी भरणे आणि दोन्ही भाषांतले न वाचणारे मूल तयार करणे.

वाचनाचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र शाळेच्या आत आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, मुले रांगेत पुस्तक धरून बसतात, फोटो वर पाठवला जातो, कपाटाला पुन्हा कुलूप. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने ते कुलूप वर्षभर निघत नाही. कुठे निघालेच तर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश, पाच नवे शब्द आणि तात्पर्य लिहून आणायला सांगतात. आनंदाचा गृहपाठ केला की मुले आनंदही गाइडमधून उतरवतात.

तेव्हा मुख्याध्यापकांना एवढीच विनंती. अडीचशे पातळ गोष्टीची पुस्तके एका प्रोजेक्टरहून महाग पडत नाहीत. येत्या जूनमध्ये प्रोजेक्टरऐवजी ती घ्या. रोज एक वीस मिनिटे काढा, त्यात कोणाला काही विचारू नका, आठवड्यातून दोनदा शिक्षकाला मोठ्याने वाचायला लावा. कपाटाची किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीच्या हाती द्या. वर्षाअखेर वीसेक पुस्तके फाटतील, दहा-बारा हरवतील. ती खर्ची घाला आणि पुढच्या जूनमध्ये नवी आणा.