जुळलेल्या आकड्याची फसगत

बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरली तरी शतकाला सुमारे ४३ विकला सरकणे शिल्लक राहते. (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग!) ही तफावत लव्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवली आणि आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये उलगडली, एवढे सांगून आपण शिक्षक पुढे जातो. माझ्या मते मधला एक फसलेला प्रयत्न वर्गात आधी शिकवावा.

मंगळाचे दोन चंद्र शोधणारे आसफ हॉल यांनी १८९४ मध्ये सुचवले, की न्यूटनच्या नियमातील अंतराचा घातांक २ ऐवजी २.००००००१६ घ्यावा. बुधाचा हिशेब चोख जुळला! मग बिघडले कुठे? या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रदक्षिणेमागे कक्षा सारखीच सरकते, मग ती लहान असो वा मोठी. बुध शतकात ४१५ प्रदक्षिणा करतो, चंद्र सुमारे १३३७. तेव्हा चंद्रकक्षेचा पृथ्वीजवळचा बिंदू शतकाला सुमारे १४० विकला जादा सरकायला हवा. अर्नेस्ट ब्राउन यांच्या १९०३ मधील चंद्रगणिताने तसे होत नसल्याचे दाखवले.

आइन्स्टाइन यांनी ४३ साठी कोणताही आकडा मुद्दाम बदलला नव्हता. हा फरक नुसते उत्तर पाठ करून कसा कळणार?